तिसऱ्या माणसाचे काय करायचे?

काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. कालव्याच्या कामावर आलेली माणसे, त्यांच्यातली एक तरुणी आणि तिच्यावर जीव जडलेले दोन मित्र, असा तिचा विषय. वीस प्रकरणे मी त्या दोघांनाही सारख्याच मायेने वाढवले. पुढे अडचण आली. लग्न तर एकाशीच होणार. मग दुसऱ्याचे काय करायचे? पुष्कळ विचार करून एकविसाव्या प्रकरणात मी त्याला साप चावविला. मित्राच्या मांडीवर डोके ठेवून तो शांतपणे गेला आणि बाविसाव्या प्रकरणात सनई वाजली.

हस्तलिखित प्रथम वाचण्याचा मान आमच्या घरी सौभाग्यवतींचा. शेवटचे पान उलटून त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, या सापाला तुम्ही बोलावलंत ना?"

"कालव्याकाठी साप निघतातच," मी म्हणालो.

"निघतात हो. पण हा अगदी वेळेवर निघाला."

लेखकाला येतो तसा मला राग आला. पण ते वाक्य मनात रुतून बसले. पुढे दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचतानाही मी साप शोधू लागलो. कोठे साप, कोठे विषमज्वर, कोठे नदीला आलेला पूर, तर कोठे लढाईवरून आलेली तार! दोन पुरुष आणि एक स्त्री अशी गोष्ट असली की तिसऱ्याला वाटेतून दूर करण्यासाठी आम्हा लेखकमंडळींजवळ किती युक्त्या असतात! आणि अशी युक्ती वापरली की एक अवघड गोष्ट लिहावीच लागत नाही. ती म्हणजे मत्सर. प्रतिस्पर्धी जिवंत असताना, शेजारी नांदत असताना, दोघांच्याही मनात जे जळत असते ते लिहिणे कठीण. मारून टाकणे सोपे.

याच शोधात हिंडता हिंडता मी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या कथांपाशी येऊन ठेपलो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शेजारी कोश ठेवून वाचावे लागले. पण माझा प्रश्न जितका उघडावाघडा तेथे सापडला, तितका दुसरीकडे सापडला नाही. त्यांतल्या चार कृतींविषयी आज लिहायचे आहे.

सरहद्द म्हटले की आपल्याला खैबरखिंड आठवते. ही ती नव्हे. अमेरिकेची सरहद्द म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची कड. कडेच्या अलीकडे कचेऱ्या, शाळा, न्यायालये. पलीकडे, वसाहतवाल्यांच्या लेखी, मोकळी जमीन. ती मोकळी नव्हतीच. तेथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून ती मोकळी करण्यात आली, आणि या कथांच्या वाचकाने ते विसरता कामा नये. 1890 च्या शिरगणतीने अशी सलग कड आता उरलेली नाही असे नोंदवले. 1893 साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने तिच्यावर आपला गाजलेला निबंध वाचला. ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी 1902 सालची. म्हणजे सरहद्द संपली आणि तिच्या कथांचा खरा सुकाळ झाला.

त्या कडेवर कायदा दूर असे आणि पिस्तूल जवळ असे. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने एवढी एकच गोष्ट महत्त्वाची. मत्सर सगळीकडे सारखाच. परंतु आपल्याकडे मत्सरी माणसाचा हात धरायला चार माणसे असतात. देवलांचे 'संशयकल्लोळ' घ्या. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका एका तसबिरीवरून केवढे पेटतात! तरी आपण पोट धरधरून हसतो. कारण आजूबाजूला गडीमाणसे आहेत, येणारेजाणारे आहेत, आणि खरे काय ते कळायला थोडा वेळ आहे. याच देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. तेथे तो वेळ मिळत नाही आणि निष्पाप बायकोचा जीव जातो. हसणे आणि मरण यांच्यामध्ये कित्येकदा एवढेच अंतर असते: कोणी हात धरायला होते की नव्हते. सरहद्दीवर बहुधा कोणी नसे. म्हणून तेथला मत्सरी माणूस काय करतो हे पाहिले, की मत्सर म्हणजे काय हेही कळते.

पहिली कथा ब्रेट हार्टची. नाव 'टेनेसीज पार्टनर', म्हणजे टेनेसीचा भागीदार, साल 1869. हार्ट मूळचा न्यूयॉर्ककडचा. सतरा वर्षांचा असताना, 1854 साली, तो कॅलिफोर्नियात गेला. तेथे 1848 च्या जानेवारीत सटरच्या गिरणीपाशी सोने सापडले होते आणि जगभरचे पुरुष घरदार सोडून तिकडे धावले होते. पुरुष म्हणतो ते जाणूनबुजून. 1850 च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियातल्या दर शंभर माणसांत बायका जेमतेम आठ भरल्या. खाणींच्या छावण्यांत तर त्याहूनही कमी. त्या छावण्यांचा एक रिवाज सांगायला हवा. ओढ्याकाठचा एखादा तुकडा खुंट ठोकून माणूस आपला म्हणे. त्याला ते 'क्लेम' म्हणत. क्लेमवर काम करीत राहिले तरच तो आपला. छावणीने ठरवलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर दुसरा येऊन खणू लागला तरी तक्रार चालत नसे.

हार्टच्या कथेतला भागीदार बायको आणण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघतो, पण स्टॉक्टनच्या पुढे जातच नाही. तेथल्या खाणावळीत वाढणारी मुलगी त्याच्याकडे पाहून हसते, टोस्टची बशी त्याच्या डोक्यावर फोडते आणि स्वयंपाकघरात पळते. आठवड्याभरात लग्न होते. दोघे छावणीत येतात. तेथे त्याचा जिवलग मित्र टेनेसी याच जोडप्याबरोबर राहत असतो. थोड्याच दिवसांत ती टेनेसीकडे पाहून हसते आणि दुसऱ्या गावी निघून जाते. टेनेसी तिच्या मागोमाग. काही महिन्यांनी टेनेसी एकटाच परत येतो, कारण ती तिसऱ्याच कोणाकडे पाहून हसलेली असते.

आता खरी गोष्ट सुरू होते. टेनेसी परत येतो आहे म्हणताना छावणीतली माणसे दरीत गोळा होतात. कशासाठी? गोळीबार पाहण्यासाठी. आणि भागीदार काय करतो? पुढे होऊन सगळ्यांच्या आधी मित्राचा हात हातात घेतो. जमलेल्या मंडळींचा अगदी विरस होतो.

हा विरस मला फार मोलाचा वाटतो. मत्सर हा दोघांतला किंवा तिघांतला मामला असे आपण समजतो. हार्ट दाखवतो की त्याला प्रेक्षक असतात. "आता तू काहीतरी केलेच पाहिजेस" असे मत्सरी माणसाला सांगणारे लोक भोवती उभे असतात आणि कित्येकदा गोळी त्यांच्या भिडेखातर सुटते. भागीदार ही भीड मोडतो.

पुढे टेनेसी दरोडेखोर बनतो, पकडला जातो. तेथल्या लोकांनीच मांडलेल्या न्यायसभेपुढे भागीदार आपली सारी पुंजी, सतराशे डॉलरचे सोने आणि घड्याळ, ओतून मित्राचा जीव मागतो. सभा त्याला लाच समजते. टेनेसी फासावर जातो. भागीदार गाढवाच्या गाडीतून त्याचे प्रेत नेऊन पुरतो आणि त्या दिवसापासून खंगत जाऊन मरतो. म्हणजे तिसरा माणूस याही कथेत मरतो. पण माझ्या कादंबरीतल्यासारखा तो सोयीने मरत नाही. त्याच्या मरणाने वाट मोकळी होत नाही, बंद होते.

एवढे असूनही या कथेवर माझा एक आक्षेप आहे. ती मुलगी तीनदा हसते आणि तीनदा निघून जाते. तिला नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. ती का हसली, का गेली, हे हार्ट विचारीत नाही. दर खेपेला तेच शब्द वापरून तो आपल्याला हसवतो. क्षमा मोठी दिसावी म्हणून जिच्यामुळे ती करावी लागली तिला लहान करून ठेवले आहे. दोन मित्रांनी मिळून सोडून दिलेला क्लेम, एवढेच तिचे त्या गोष्टीतले स्थान.

दुसरी कृती विला कॅथर या बाईंची. 'ओ पायोनियर्स!' ही त्यांची कादंबरी 1913 सालची. नऊ-दहा वर्षांच्या असताना त्या व्हर्जिनियातून नेब्रास्काच्या माळरानावर आल्या. म्हणून त्यांच्या लिहिण्यात माळाचा वारा नुसता वर्णनापुरता येत नाही. येथे खाणी नाहीत, शेते आहेत. मारी ही हसरी, बोलकी तरुणी. फ्रँक शबाटा या देखण्या पोरावर ती भाळते. रेशमी हॅट, हातात पिवळी छडी, असा त्याचा थाट. अठराव्या वर्षी ती त्याच्याबरोबर पळून जाऊन लग्न करते. पुढे शेतावर आल्यावर छडी जाते आणि राहतो तो कुरकुरा, संशयी, सगळ्या जगाशी भांडणारा नवरा. शेजारच्या अलेक्झांड्राचा धाकटा भाऊ एमिल आणि मारी यांची मने एकमेकांत गुंततात. दोघांनाही ते कळते, दोघेही ते टाळतात. एमिल मेक्सिकोला निघून जातो, परत येतो, पुन्हा जायला निघतो. जाण्यापूर्वी निरोप घ्यायला म्हणून तो मारीच्या बागेत येतो. तुतीच्या झाडाखाली दोघे सापडतात. फ्रँकला तबेल्यात एमिलची घोडी दिसते. तो बंदूक घेतो आणि कुंपणाच्या झाडोऱ्यातून गोळ्या झाडतो. दोघेही मरतात.

कथानक असे सांगितले तर ते कोठल्याही वर्तमानपत्रातले वाटेल. कॅथर बाईंचे मोठेपण यापुढे आहे. बंदूक हातात घेताना फ्रँकला आपण खरेच काही करणार आहोत असे वाटतच नाही. रागाच्या भरात ती उचलायची ही त्याची सवय होती. आणि पळून जाताना त्याला जे उमगते ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. बायको दुःखी व्हावी, आपल्याइतकेच जग तिलाही वाईट दिसावे, म्हणून तो कित्येक वर्षे झटला होता. तिचे हसू त्याला सहन होत नव्हते. म्हणजे एमिल बागेत येण्याच्या फार आधीपासून फ्रँक मत्सरीच होता. त्याचा मत्सर कोणा पुरुषाचा नव्हता; तिच्या आनंदाचा होता. एमिल नसता तर दुसरे काहीतरी मिळाले असते.

मत्सराला प्रतिस्पर्धी लागतोच असे नाही, हे मला या कादंबरीने शिकवले. माझ्या वर्गातही असा एखादा मुलगा दर वर्षी असतो. शेजाऱ्याला जास्त गुण पडले याचे त्याला दुःख नसते. शेजारी खुशीत आहे याचे असते.

शेवटी अलेक्झांड्रा तुरुंगात जाऊन फ्रँकला भेटते आणि त्याच्या सुटकेसाठी खटपट करण्याचे वचन देते. ही क्षमा हार्टच्या भागीदाराच्या क्षमेहून कठीण, कारण येथे गेला तो सख्खा भाऊ. परंतु फ्रँकपेक्षा एमिल आणि मारी यांचाच दोष तिला अधिक वाटतो, तेथे माझी पावले अडखळली. मारी जात्याच हसरी होती. तो काही गुन्हा नव्हे. कॅथर बाईंनी अलेक्झांड्राच्या मनातले प्रामाणिकपणे लिहिले हे खरे, पण मारीची बाजू त्यांनी पुरेशी मांडली नाही, ही उणीव आहे असे माझे मत आहे.

मत्सर काय पुरुषांनीच करावा? याचे उत्तर 1954 च्या 'जॉनी गिटार' या चित्रपटात आहे. निकोलस रे याचे दिग्दर्शन. व्हिएन्ना ही गावाबाहेर दारूचा गुत्ता चालवणारी खमकी बाई. हे काम जोन क्रॉफर्डने केले. मर्सिडीज मॅककॅम्ब्रिजने केलेली एमा ही त्या मुलखातली मोठी जमीनदारीण. एमाचे मन ज्याच्यावर आहे त्याचा ओढा व्हिएन्नाकडे. एमा हे कधी कबूल करीत नाही. ती म्हणते, ही बाई गावाला घातक आहे, दरोडेखोरांना सामील आहे. भावाच्या अंत्ययात्रेहून परतलेली काळ्या पोशाखातली माणसे बरोबर घेऊन ती गुत्त्यावर चाल करून येते आणि स्वतःच्या हाताने तो पेटवून देते. शेवटी आपले मन जडलेल्या त्या पुरुषालाही तीच गोळी घालते आणि मग व्हिएन्नाच्या गोळीने स्वतः पडते.

चित्रपट भडक आहे. रंग भडक, बोलणे भडक. तरी त्यातले एक सत्य हार्टच्या पुढचे आहे. हार्टच्या दरीतले लोक नुसते तमाशा बघायला जमले होते. येथे मत्सर स्वतःच लोकांना जमवतो, काळा पोशाख घालतो आणि आपले नाव न्याय असे सांगतो. बरोबर आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आपण एका बाईच्या जळफळाटापायी दुसरीला फासावर द्यायला निघालो आहोत याचा पत्ताही नसतो. सरहद्दीबाहेरही हे पुष्कळदा घडते, एवढेच म्हणून पुढे जातो.

चौथी कृती माझ्या पेशाची म्हणून सर्वांत जवळची. डोरोथी जॉन्सन या बाईंनी 1949 साली लिहिलेल्या कथेवरून जॉन फोर्डने 1962 साली 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' हा चित्रपट काढला. माझ्या मुलाने तो घरच्या पडद्यावर लावून दिला तेव्हा मी गोळीबाराच्या तयारीने बसलो होतो. समोर आला तो फळा आणि खडू! रॅन्सम स्टॉडर्ड हा पूर्वेकडून आलेला वकील शिनबोन गावात मोठ्यांना आणि मुलांना एकत्र बसवून लिहायवाचायला शिकवतो. खाणावळीत काम करणारी हॅली त्याच्याकडे अक्षरे शिकते. टॉम डॉनिफन या गावच्या रांगड्या गड्याने मनातल्या मनात हॅली आपली ठरवून ठेवलेली असते. तिच्यासाठी तो घराला एक खोलीही वाढवीत असतो. तिला तो निवडुंगाचे फूल आणून देतो. स्टॉडर्ड तिला सहज विचारतो, तू खरा गुलाब कधी पाहिला आहेस का? त्या एका प्रश्नाने टॉमचे फूल खोटे ठरते. आम्हा मास्तरांनी हा प्रसंग मुद्दाम पाहावा. शिकवता शिकवता आपण कोणाच्या हातातले फूल हलके करतो आहोत, याचे भान आपल्याला क्वचितच असते.

पुढे लिबर्टी व्हॅलन्स हा गुंड स्टॉडर्डला रस्त्यावर गाठतो. स्टॉडर्डला पिस्तूल धरता येत नाही. टॉमपुढे या वेळी केवढी सोय उभी आहे पाहा! प्रतिस्पर्धी मरणार आणि त्याचा डाग टॉमच्या हाताला लागणार नाही. त्याला काहीच करायचे नाही, नुसते उभे राहायचे आहे. माझा साप येथे आयता, दोन पायांवर चालत आला आहे! आणि टॉम अंधारातून व्हॅलन्सला गोळी घालतो. प्रतिस्पर्ध्याला तो वाचवतो आणि मारल्याचे श्रेयही त्याच्याच पदरात जाऊ देतो. कारण त्याला वाचवावे ही हॅलीची इच्छा आहे. मग स्टॉडर्डच्या जखमेला पट्टी बांधणारी हॅली पाहून तो घरी जातो, भरपूर दारू पितो आणि ती नवी खोली पेटवून देतो.

या आगीने मला समाधान दिले. टॉम देवमाणूस नव्हे. मत्सर त्याच्यातही आहे आणि तो जळतोच. पण तो स्वतःचे घर जाळतो, दुसऱ्याचे माणूस नाही. हार्टच्या भागीदाराची क्षमा खरी वाटायला थोडी श्रद्धा लागते. टॉमची खरी वाटते, कारण तिची किंमत आपल्याला डोळ्यांनी दिसते. आणि फोर्ड त्यागाचे नुसते गोडवे गात नाही. त्या रात्रीच्या खोट्या कीर्तीवर स्टॉडर्ड सेनेटर होतो, टॉम विस्मृतीत मरतो, आणि म्हातारी झालेली हॅली त्याच्या शवपेटीवर निवडुंगाचे फूल ठेवते. तिने नवरा निवडला तो चुकून निवडला असे ते फूल म्हणत नाही. पण दोघा पुरुषांनी आपसांत जे मिटवले, ते तिच्या मनात मिटले नव्हते, एवढे खचित म्हणते. हार्टच्या मुलीला न मिळालेले वाक्य हॅलीला अखेर मिळाले. तेही शब्दांत नाही, फुलात.

चारही कृती ओळीने ठेवल्या तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. मत्सर हा प्रेमाचा अतिरेक आहे असे आपण म्हणतो आणि त्याला थोडीशी सवलत देतो. या कथा ती सवलत देत नाहीत. मत्सर क्लेममधून उपजतो. खुंट ठोकला, आता ही जागा माझी, असे मनाशी ठरले की मग कोणाचेही हसू चोरीसारखे वाटू लागते. फ्रँकने खुंट उपटला नाही. एमाने त्याच्यावर न्यायाची पाटी लावली. भागीदाराने तो उपटून टाकला. टॉमने तो स्वतःच्या हाताने जाळला आणि भाजून घेतले. प्रतिस्पर्ध्याला मारून यांतल्या कोणाचाही प्रश्न सुटत नाही. जो गोळी घालतो त्याच्या उरात तिसरा माणूस कायमचा राहायला येतो.

हे सारे सुचल्यावर मी स्वस्थ कसा बसणार? कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याची भीती नाही, पहिलीच अद्याप गठ्ठ्यांत आहे. तरीही या गणपतीच्या सुट्टीत शाळेच्या वहीत एकविसावे प्रकरण मी नव्याने लिहिले. साप काढून टाकला. दुसरा मित्र जिवंत राहिला. लग्नाच्या आदल्या रात्री दोघे मित्र कालव्याच्या भरावावर बसतात, एक अक्षर बोलत नाहीत आणि पहाटे एकत्र घरी येतात. दुसऱ्या दिवशी तो पंक्तीत वाढायला उभा राहतो. लिहिताना मला रडू आले, हे कबूल करतो.

वही सौभाग्यवतींच्या पुढे ठेवली. चकलीचे सोऱ्यायंत्र बाजूला ठेवून, हात पुसून त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

"हे बरं झालं," त्या म्हणाल्या. मग दोन पाने मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली. "पण हे दोघं रात्रभर तिच्यापायी भरावावर बसले होते, तेव्हा ती काय करत होती?"

बाविसावे प्रकरण अजून लिहायचे आहे.